धुक्यातलं कानोसा खातं

एका जंगलात प्राणी राहत असत आणि धुकं राहत असे. प्राणी कधी इकडे जात, कधी तिकडे. धुकं कुठेच जात नसे.

हे जंगल डोंगराच्या कुशीत होतं. डोंगरात एक खिंड होती. खिंडीपलीकडे कोळसुंदे राहत. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. तो एकटा येत नाही. येतो तेव्हा सगळं घराणं घेऊन येतो आणि जेवल्याशिवाय जात नाही.

पण मुलांनो, धुक्याचा एक गुण असतो. ते पक्षपात करत नाही. भेकराला कोळसुंदा दिसत नसे, तसं कोळसुंद्यालाही भेकर दिसत नसे. वास दवात भिजून जमिनीला बसे. दोघं एकमेकांच्या शेजारून निघून जात आणि आपापल्या घरी सुखरूप पोचत. क्वचित धडकत. धडकले की भेकर संपे. पण हे क्वचितच.

एकदा असा धडकून संपलेला प्राणी राजाच्या मेहुणीचा मुलगा निघाला. तेव्हापासून हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न झाला.

राजा गवा होता. गवा फार मोठा असतो, त्यामुळे त्याला प्रश्न पडला की तोही मोठाच पडतो. त्याने दरबार भरवला.

"हे धुकं हटवा," महाराज म्हणाले.

प्रधान म्हणाले, "महाराज, धुकं आपलं ऐकत नाही."

"मग धुक्यातून बघा."

तेव्हा धनेशराव पुढे झाले. धनेश हा पक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच असते, त्यामुळे तो बोलतो ते दुप्पट खरं वाटतं. धनेशराव नुकतेच दूरची जंगलं फिरून आले होते.

"महाराज, धुक्यातून बघता येत नाही," ते म्हणाले, "पण ऐकता येतं. तिकडे सगळे असंच करतात. आपल्याला फक्त एक वटवाघूळ लागेल."

अशी पाकोळीला नोकरी लागली.

पाकोळी हे एक लहानसं वटवाघूळ होतं. ती थोरल्या बहिणीकडे, झुंबरआक्काकडे, टेकडीच्या गुहेत राही. झुंबरआक्काला पुष्कळ पिल्लं होती आणि सगळी एकदम बोलत. त्यामुळे पाकोळीला आपण काहीतरी मोठं करावं असं लहानपणापासून वाटे. दरबाराचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंख दोनदा चाटून साफ केले.

दरबारात तिला विचारलं, तू अंधारात पतंग कसा पकडतेस?

"मी किंकाळी मारते," पाकोळी म्हणाली. "किंकाळी जाते, पतंगावर आपटते आणि परत येते. लवकर आली तर पतंग जवळ आहे. उशिरा आली तर लांब आहे. ज्या कानात आधी आली, त्या बाजूला आहे."

"मारून दाखव," महाराज म्हणाले.

पाकोळीने किंकाळी मारली. दरबार शांत होता.

"मार की," महाराज म्हणाले.

"मारली, महाराज."

वटवाघळाची किंकाळी इतकी बारीक असते की गव्याच्या कानाला ती लागतच नाही. दरबारातल्या कुणालाच ती ऐकू आली नव्हती. धनेशराव हसले. म्हणाले, "हीच तर खुबी आहे. आवाजच होत नाही. शत्रूला पत्ता लागणार नाही."

महाराजांना हे फार पटलं. जे आपल्याला ऐकू येत नाही ते कुणालाच ऐकू येत नसणार, हे राजे लोकांना लवकर पटतं.

झालं. कानोसा खातं निघालं. टेकडीच्या माथ्यावर यंत्र उभं राहिलं.

यंत्र कसं होतं ते सांगतो. पाकोळीची किंकाळी लहान. ती खिंडीपर्यंत पोचेना. म्हणून तिच्या तोंडापुढे पोकळ भोपळ्याचा कर्णा बसवला. आता किंकाळी मोठी झाली, पण चहूकडे सांडू लागली. म्हणून भोवती सागाच्या पानांचा भला थोरला द्रोण केला. द्रोणामुळे किंकाळी एकाच दिशेला जाई. परत आलेली किंकाळी गोळा करायलाही तोच द्रोण उपयोगी पडे. द्रोण चहूबाजूंना फिरायला हवा, म्हणून तो कासवाच्या पाठीवर ठेवला. कासव जागच्या जागी गोल फिरे. घाई करू नकोस असं त्याला सांगावं लागलं नाही.

मग एक अडचण आली. कर्ण्यातून सुटलेल्या किंकाळीने पाकोळीच्या स्वतःच्याच कानठळ्या बसत. परत येणारी किंकाळी मुंगीच्या पावलासारखी हलकी. ती बहिऱ्या कानाला कशी कळणार? म्हणून एक शेकरू नेमलं. पाकोळीने तोंड उघडलं की शेकरूने तिचे कान दाबायचे. तोंड मिटलं की सोडायचे. एवढंच त्याचं काम, पण सगळं यंत्र त्याच्या बोटांवर चाले. कान सोडायला जरासा वेळ लागे, तेवढ्यात जवळच्या वस्तूंवरून किंकाळी येऊन गेलेली असे. त्यामुळे वडाच्या झाडाच्या अलीकडे काय आहे हे यंत्राला कधीच कळत नसे. वडाच्या अलीकडे राजधानी होती.

शेवटी एक खेकडा होता. पाकोळीला जे ऐकू येई ते ती सांगे आणि खेकडा ओल्या वाळूवर ठिपका काढी. खेकड्याशिवायही काम झालं असतं. पण महाराज ऐकत नसत, बघत असत.

पहिल्या दिवशी महाराज स्वतः आले. पाकोळीने किंकाळी मारली. शेकरूने कान सोडले. पाकोळी दचकली.

"उत्तरेला काहीतरी प्रचंड आहे," ती म्हणाली.

खेकड्याने वाळूवर एवढा मोठा ठिपका काढला की त्याला दोनदा दम खावा लागला. महाराजांनी तत्काळ दोन तरणे गवे पाठवले. त्यांनी धुक्यात मुसंडी मारली. दोघांची मिळून तीन शिंगं मोडली. समोरच्या डोंगराला काही झालं नाही.

"स्थिर वस्तू सोडून द्यायच्या," धनेशराव म्हणाले. "शत्रू हलतो. डोंगर हलत नाही."

"हलतंय ते मला कळतं," पाकोळी म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्यावरून किंकाळी बारीक होऊन परत येते. लांब जाणाऱ्यावरून जाड होऊन येते. उभ्या वस्तूवरून जशीच्या तशी येते."

"मग जशीच्या तशी आली तर बोलूच नकोस," धनेशराव म्हणाले.

असा नियम झाला. बारीक आली तर ठिपका. जाड आली तर ठिपका. तशीच आली तर काही नाही. एकदा वाऱ्याने बांबूचं बेट हललं तेव्हा पाच हजार शत्रू चालून आले असं वाळूवर दिसलं, पण वारा पडल्यावर ते सगळे मेले. महाराजांनी तो विजय साजरा केला.

आणखी एक सुधारणा झाली. कासवाची एक फेरी पुरी होईपर्यंत कोळसुंदा कुठल्या कुठे जाई. म्हणून दुसरा, अरुंद द्रोण केला. तो फिरत नसे. एक ठिपका धरायचा आणि तो जाईल तिकडे द्रोण वळवत राहायचा. पहिल्या यंत्राला शोध्या म्हणत, दुसऱ्याला चिकट्या. शोध्याने सांगायचं, कोणीतरी आहे. चिकट्याने सांगायचं, नेमका कुठे आहे. मग झाडावरची वानरं त्या जागी दगड मारत. दगड क्वचित लागत. पण योग्य दिशेने चुकत.

पाकोळी दोन्ही यंत्रांवर बसे. आता तिला पतंग पकडायला जावं लागत नसे. ते पानात गुंडाळून येत. महाराजांनी तिला राजकर्णिका अशी पदवी दिली. गुहेतली पिल्लं मावशी आली की गप्प बसत. तिला हे सगळं आवडत होतं. तुम्हालाही आवडलं असतं.

यंत्र सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत कोळसुंदे दिसू लागले. आधी दिवसाआड. मग रोज.

दरबारात आनंद झाला. प्रधान म्हणाले, "यंत्र नव्हतं तेव्हा महिनोन्‌महिने एकही कोळसुंदा दिसत नसे. आता बघा."

प्राणीही जास्त जाऊ लागले, हे खरं आहे. पण पूर्वी ते नुसते बेपत्ता होत. आता ते कुठल्या दिशेला आणि किती अंतरावर बेपत्ता झाले हे नक्की सांगता येऊ लागलं.

पाकोळीला मात्र एक गोष्ट कळली होती. ठिपके आधी खिंडीत इकडेतिकडे भरकटत. किंकाळी सुटली की थांबत. मग सरळ रेषेत येत. रेष नेहमी तिच्याच दिशेची असे.

एकदा गुहेत उलटं लटकताना ती आक्काला हे म्हणाली.

झुंबरआक्का पिल्लाचे कान चाटत होती. "पतंगाचं काय होतं?" तिने विचारलं.

"कुठल्या पतंगाचं?"

"कुठल्याही. तू किंकाळी मारलीस की पतंग काय करतो?"

पाकोळीला ठाऊक होतं. चांगला पतंग किंकाळी ऐकतो आणि पंख मिटून खाली पडतो. पाकोळीला तो ऐकू येण्याच्या कितीतरी आधी त्याला पाकोळी ऐकू येते. कारण तिची किंकाळी जाऊन परत यायची असते. त्याला नुसती जाणारी पुरते.

"पतंगाला कान आहेत," आक्का म्हणाली. "कुत्र्याला नाहीत होय?"

"गव्याला ऐकू येत नाही."

"गव्याला काय ऐकू येतं?" आक्का म्हणाली आणि दुसऱ्या पिल्लाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पाकोळी धनेशरावांकडे गेली. सगळं सांगितलं. धनेशरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे शत्रू इकडेच येतो म्हणतेस."

"हो."

"आणि येतो तेव्हा तुला कळतं."

"हो."

"मग यंत्र चाललंय की." ते जरा जवळ सरकले. "पाकोळीबाई, तुम्ही म्हणता ते महाराजांना सांगता येईल. पण मग ते विचारतील, खातं कशाला हवं? कासव म्हातारं आहे. शेकरूला घरी माणसं आहेत. तुमच्यासाठी पानातून येतं ते बंद होईल. ते काही मोठं नाही. पण विचार करा."

पाकोळीने विचार केला. ती उलटी लटकून विचार करी, त्यामुळे पानातले पतंग तिला बराच वेळ दिसत राहिले. ती दरबारात गेली नाही.

टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारं भेकर राहायला आलं होतं. सगळे त्याला तात्या म्हणत. आधी तात्या लांब करवंदीच्या जाळीत राही आणि रात्रंदिवस कान टवकारून बसे. यंत्र आल्यावर तो मुद्दाम पायथ्याला आला.

"वर पोरगी बसलीय," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "मी आता कान पाडून निजतो. सगळा जन्म जागण्यात गेला."

सकाळी पाकोळी कामाला निघाली की तो खालून हाक मारी. "झोप झाली का बाळा?" ती म्हणे, "झाली, तात्या." तो म्हणे, "माझीपण." आणि खूश होई. एकदा पाकोळी खाली उतरून म्हणाली, "तात्या, तुमची जुनी जाळी चांगली होती."

"ओल होती तिथे."

"तरी."

"तू असताना मी कशाला लांब जाऊ?" तात्या म्हणाला.

तिने पुढे काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं.

मग तो दिवस आला. धुकं इतकं दाट होतं की खेकड्याला स्वतःची नांगी दिसत नव्हती. शोध्यावर सात ठिपके आले. पाकोळीची किंकाळी सुटली तसे ते थांबले, वळले आणि सरळ निघाले. ते टेकडीवर चढणार होते. पण वाटेत पायथा होता.

पाकोळी चिकट्यावर जाऊन बसली. तिला एक आठवा आवाज पकडता आला. तो तात्या होता. तो उठला होता आणि पळत होता. त्याच्यावरून किंकाळी जाड होऊन परत येत होती. म्हणजे तो दूर जात होता. हे चांगलं होतं.

"आणखी एक," ती म्हणाली. खेकड्याने ठिपका काढला.

सात ठिपके त्याच्या मागे गेले. मग त्याच्या बाजूंना गेले. वानरांनी दगड मारले. ठिपके पांगले नाहीत, तसेच हलत राहिले. पाकोळी अरुंद द्रोण वळवत होती. तात्या ओढा ओलांडून गेला, जुन्या जाळीच्या दिशेने. किंकाळी जाड येत होती. जाड. जाड. मग ती जशीच्या तशी परत आली.

"काय झालं?" खेकड्याने विचारलं.

पाकोळीने पुन्हा किंकाळी मारली. जशीच्या तशी.

"थांबला," ती म्हणाली.

थांबलेली वस्तू यंत्रात धरत नाहीत. खेकड्याने पायाने वाळू सारखी केली आणि ठिपका पुसला.

संध्याकाळी खात्याचा अहवाल गेला. सात आढळले, सातही शेवटपर्यंत दृष्टीआड झाले नाहीत. महाराजांनी शाबासकी कळवली. पानातून नेहमीपेक्षा जास्त पतंग आले. पाकोळीने ते पिल्लांना दिले.

चार दिवसांनी पुन्हा तसंच धुकं पडलं. या वेळी कोळसुंदे फार होते. खेकड्याला वाळू कमी पडली. आणि खाली माळावर राजाच्या कळपातल्या गायी वासरांना घेऊन चरत होत्या. कळप आणि कोळसुंदे यांच्यात फक्त एक ओढा होता. किंकाळीमागून किंकाळी ऐकत कोळसुंदे उतरत होते.

"मार," शेकरू म्हणालं. त्याने कान दाबायला बोटं उचलली.

पाकोळीने तोंड मिटलं.

"मार ना."

तिने मान हलवली. कर्ण्यापासून तोंड बाजूला घेतलं. कासव फिरायचं थांबलं. कासवाला थांबायला सांगावं लागत नसे.

खाली कोळसुंदेही थांबले. इतके दिवस कोणीतरी त्यांना वाट दाखवत होतं. आता कोणी काही सांगेना. धुक्यात उभे राहून ते एकमेकांना हुंगू लागले.

पाकोळी नुसती ऐकत राहिली. द्रोण मोठा होता, आवाज गोळा करत होता. तिला वाळलेलं पान मोडल्याचं ऐकू आलं. धापा ऐकू आल्या. ओढ्यात पाऊल पडल्याचं ऐकू आलं. किती लांब, हे आता नीट सांगता येत नव्हतं. पण कुठल्या बाजूला, एवढं कळत होतं. ती द्रोणातून निघाली, आवाज न करता माळावर गेली आणि पुढच्या म्हाताऱ्या गायीच्या कानावर बसली.

"डावीकडे चला," ती हळूच म्हणाली. "बोलू नका. वासरांना अंगाशी घेऊन चला म्हणजे ती हंबरणार नाहीत."

गाय राजाच्या कळपातली होती, पण ती शहाणी होती. ती डावीकडे चालू लागली. बाकीचा कळप तिच्या मागे गेला. ओढ्यापलीकडे कोळसुंदे बराच वेळ उभे होते. मग त्यांच्यातला एक कंटाळून भुंकला, आणि ते खिंडीकडे परत गेले. जाताना दोघं दरीत पडल्याचं पाकोळीला ऐकू आलं.

त्या दिवशी एकही प्राणी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पाकोळीला दरबारात उभं केलं.

"कालची वाळू बघितली," महाराज म्हणाले. "दुपारनंतर कोरी आहे."

"महाराज, मी गप्प बसले."

"का?"

"त्यांना माझा आवाज ऐकू येतो. आवाजावरून ते येतात. मी गप्प बसले म्हणून ते परत गेले. कळप वाचला."

महाराजांनी प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी धनेशरावांकडे पाहिलं.

"कोळसुंदे परत गेले हे वाळूवर दिसतं का?" धनेशरावांनी विचारलं.

"नाही. मी किंकाळी मारली नव्हती."

"मग परत गेले हे कशावरून?"

"मी ऐकलं."

"ऐकलं," धनेशराव दरबाराकडे वळून म्हणाले. एवढंच म्हणाले.

म्हातारी गायही आली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "धुकं होतं. ही म्हणाली डावीकडे, आम्ही डावीकडे गेलो. डावीकडे काही नव्हतं."

"काही नव्हतं," प्रधान म्हणाले, आणि ते लिहून घेतलं गेलं.

"तात्या ज्या दिवशी गेला," पाकोळी म्हणाली, "त्या दिवशी वाळू पूर्ण भरली होती. महाराजांनी शाबासकी दिली होती."

महाराज वाईट नव्हते. पण त्यांना भरलेली वाळू आठवत होती, तात्या आठवत नव्हता.

निकाल झाला. ऐन शत्रूच्या तोंडावर यंत्र बंद ठेवल्याबद्दल पाकोळीची पदवी काढून घेतली. तिच्या जागी तीन वटवाघळं नेमली. आवाज मोठा असलेली बघून घेतली. भोपळेही मोठे आले. कासवाला बढती मिळाली.

पाकोळी गुहेत परतली. आक्काने सरकून जागा करून दिली. पिल्लं एकदम बोलू लागली, आणि या वेळी पाकोळीने त्यांना बोलू दिलं. पुढे ती लांबच्या करवंदीच्या जाळीवर राहू लागली. काही भेकरं तिच्याखाली येऊन बसत. ती काही बोलत नसे. तिने पंख मिटले की भेकरं स्तब्ध होत, उघडले की चरू लागत. त्या बाजूचं कोणी फारसं गेलं नाही. पण त्या बाजूची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे ते धरलं जात नाही.

नवी यंत्रं सुरू व्हायला थोडे दिवस लागले. तेवढे दिवस कोळसुंदे आले नाहीत. मग एका सकाळी त्यांचा दूत आला. किडकिडीत होता. बरगड्या दिसत होत्या. तो अदबीने शेपूट खाली घालून उभा राहिला.

"महाराज, आपलं यंत्र थांबलं आहे असं ऐकलं," दूत म्हणाला.

"ऐकलंत?" महाराजांनी विचारलं.

"म्हणजे, ऐकू आलं नाही, असं ऐकलं. आम्हाला त्याची फार दहशत आहे, महाराज. ते चालू असलं की आमच्याकडे कोणी घरात बसत नाही. सीमेवर शिस्त राहते. शेजारी म्हणून विनंती करायला आलो, की ते बंद ठेवू नये."

दरबारात समाधान पसरलं. धनेशरावांनी दोन्ही चोची वर केल्या.

"उद्या सुरू करतोय," महाराज म्हणाले. "आता एकदम तीन."

दूताचे डोळे भरून आले. "आपले उपकार कसे फेडू? सकाळी जरा लवकर सुरू केलंत तर बरं. आमच्याकडे लहान मुलं आहेत."

"घाबरतात का फार?" महाराजांनी मायेने विचारलं.

"फार," दूत म्हणाला.

महाराजांनी सकाळी लवकरचा हुकूम दिला. दूताला सन्मानाने खिंडीपर्यंत पोचवलं. वाट चुकू नये म्हणून सोबत एक कोवळं वासरू दिलं.

तात्पर्य : मुलांनो, संकटात कधीही गप्प बसू नये. गप्प बसून वाचलात तर संकट आलंच नव्हतं असं सगळे म्हणतात. त्यापेक्षा मोठ्याने ओरडावं. मग संकट नक्की येतं, ते सर्वांना स्पष्ट दिसतं, आणि मागे जे उरतील ते तुमच्या सावधपणाचं कौतुक करतात.